गिधाडांचा ऱ्हास व शरीरक्रियात्मक पुरावा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वन्यप्राण्यांची गणना त्यांची संख्या सांगते. परंतु संख्या घटण्याचे कारण सांगत नाही. गिधाडांच्या ऱ्हासाचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मेलेली जनावरे गावाबाहेर टाकली जात व गिधाडे त्यांची विल्हेवाट लावीत. मुंबईतील डुंगरवाडी येथील पारशी समाजाचा अंत्यविधीही याच पक्ष्यांवर अवलंबून होता.

ऱ्हास व प्रारंभिक तर्क :
मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी भरतपूर येथील गिधाडांची घट १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढील सर्वेक्षणांवरून, १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९.९ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. प्रारंभी संसर्गजन्य रोगाचा संशय व्यक्त झाला.

शरीरक्रियात्मक पुरावा :
पक्षी शरीरातील नत्रयुक्त टाकाऊ द्रव्य युरिक आम्लाच्या रूपाने मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतात. मूत्रपिंड निकामी झाल्यास हे आम्ल रक्तात वाढते व हृदय, यकृत यांवर त्याचे पांढरे थर साचतात. मृत गिधाडांत असेच थर आढळले. लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानात केलेले संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. असे थर असलेल्या, तपासलेल्या सर्व २५ गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅक हे गुरांना दिले जाणारे वेदनाशामक सापडले. थर नसलेल्या १३ गिधाडांत ते मुळीच नव्हते. एक टक्क्याहून कमी मृत जनावरांत हे औषध असले तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असेही त्याच वर्षी गणिताने दाखविण्यात आले.

परिणाम :
भारतात २००६ मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा पर्याय गिधाडांच्या रक्तातील युरिक आम्ल मोजूनच सुरक्षित ठरविण्यात आला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरही पशुवैद्यकीय वापरासाठी बंदी घालण्यात आली.

निष्कर्ष :
गणनेने संकटाची व्याप्ती दाखविली. कारण मात्र शरीरक्रियेच्या मोजमापाने उलगडले. केवळ गणनेवर विसंबल्यास रोगाचा शोध चालू राहिला असता व औषध वापरात राहिले असते. म्हणूनच मुळशी तालुक्यातील रिहेसारख्या गावांत महाविद्यालयीन सर्वेक्षण करताना पक्ष्यांच्या संख्येबरोबर गुरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामकांचीही नोंद होणे अगत्याचे ठरते.