प्रोपेन, टर्बो आणि अमेरिकी पिकअप

पुढे दोन-तीन माणसांपुरती केबिन आणि मागे मालासाठी उघडा हौदा, अशा जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकमध्ये प्रोपेनवर चालणारे टर्बोचार्ज इंजिन बसवणे हा आज हौशी कारागिरांचा उद्योग मानला जातो. मात्र त्यामागचे दोन्ही शोध शंभर वर्षांहून जुने असून त्यांचा आरंभी एकमेकांशी काहीच संबंध नव्हता. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त धुराच्या जोरावर एक पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने सिलिंडरमध्ये अधिक हवा कोंबायची, या टर्बोच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ मध्ये घेतले. प्रोपेनची कथा मात्र उडून जाणाऱ्या पेट्रोलपासून सुरू होते. मोटारीत भरलेले पेट्रोल का घटते याचा शोध घेताना अमेरिकी सरकारच्या खाण विभागातील रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर स्नेलिंग याला १९१० च्या सुमारास त्या वाफेत प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू आढळले, आणि त्याचे पेटंट पुढे फ्रँक फिलिप्स या तेलव्यावसायिकाने ५०,००० डॉलरला विकत घेतले.

टर्बोची शक्ती १९१८ मध्ये अमेरिकी अभियंता सॅनफर्ड मॉस याने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर, विरळ हवेत लिबर्टी विमानइंजिन चालवून सिद्ध केली. तरीही हे यंत्र मोटारीत यायला आणखी चार दशके लागली, आणि आले तेव्हा त्याची गाठ पेट्रोलच्या दुबळेपणाशी पडली. हवा अधिक दाबली की ती तापते, आणि मग ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर हातोड्यासारखे घाव बसतात. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. १९६२ च्या ओल्डस्मोबील जेटफायर गाडीत हे टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे द्रावण इंजिनात फवारण्याची सोय होती, म्हणजे मालकाने पेट्रोलबरोबर आणखी एक टाकी भरत राहावी अशी कंपनीची अपेक्षा होती. ती कितपत व्यवहार्य होती हे १९६३ नंतर हे मॉडेल बंद पडले यावरून कळते.

ज्या गुणाची येथे उणीव होती तो प्रोपेनमध्ये उपजतच होता, कारण नॉकिंगला विरोध करण्याची क्षमता मोजणारा त्याचा ऑक्टेन अंक शंभराच्या वर जातो. (मराठी वाचकाच्या परिचयाचा स्वयंपाकाचा गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते, आणि ब्यूटेनचा ऑक्टेन अंक बराच कमी असतो; अमेरिकेत वाहनांसाठी विकल्या जाणाऱ्या एचडी-५ प्रतीच्या इंधनात किमान ९० टक्के प्रोपेन असावे लागते.) परंतु प्रोपेनचा व्यापार शर्यतींच्या मैदानात नव्हे, तर शेतात आणि शहरी आगारांत वाढला. मिनियापोलिस-मोलीन कंपनीने १९४१ मध्ये कारखान्यातच या इंधनाची सोय केलेला ट्रॅक्टर बाजारात आणला, आणि १९५० च्या सुमारास शिकागोत प्रोपेनवरील बसगाड्यांचा मोठा ताफा उभा राहू लागला. या ग्राहकांना स्वस्त इंधन, स्वच्छ राहणारे तेल आणि दीर्घायुषी इंजिन हवे होते, वेग नव्हे. त्यामुळे पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनाला केवळ गॅसची जोडणी करून देण्यावरच बहुतेक कारागीर थांबले. वायुरूप इंधन सिलिंडरमधील सुमारे चार टक्के जागा अडवते आणि पेट्रोलप्रमाणे बाष्पीभवनाने हवा थंडही करत नाही, म्हणून अशी गाडी काहीशी सुस्त होई, आणि तो दोष जोडणीऐवजी प्रोपेनच्या माथी मारला जाई. हा अन्यायच म्हणावा लागेल.

टर्बोने ही उणीव भरून निघते, आणि गंमत अशी की त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य त्याच शेती-उद्योगाच्या दुकानांत तयार मिळत होते. टाकीत स्वतःच्याच दाबाने द्रवरूप राहिलेले प्रोपेन ‘कन्व्हर्टर’ नावाच्या डबीत येते, तेथे रेडिएटरच्या गरम पाण्याने त्याची वाफ होते आणि दाब जवळपास वातावरणाइतका उतरतो. मग ‘मिक्सर’ ती हवेत मिसळतो. इम्पको या कॅलिफोर्नियातील कंपनीचे मिक्सर या कामात विशेष प्रचलित झाले. मिक्सर टर्बोच्या आधी बसवला, तर पेट्रोलचे थेंब नळीच्या भिंतींना चिकटण्याची जी अडचण कार्बोरेटरवाल्यांना छळते ती येथे उद्भवत नाही, कारण इंधन मुळातच वायू असते; मात्र टर्बोमधले तेल आत ओढले जाऊ नये म्हणून दांड्याला घट्ट कार्बन सील लागते. मिक्सर टर्बोच्या नंतर बसवायचा असेल, तर कन्व्हर्टरलाही टर्बोचा दाब एका बारीक नळीने पोहोचवावा लागतो, नाहीतर नेमक्या जोराच्या क्षणी हवा गॅसला मागे ढकलते आणि इंजिन उपाशी राहते.

ही जोडी लोकांसमोर आणणाऱ्यांत कॅलिफोर्नियाचा शर्यतपटू अ‍ॅक मिलर अग्रणी होता. मॉसने जेथे आपले यंत्र पारखले, त्याच पाइक्स पीकच्या चढणीच्या शर्यतीत मिलरने अनेकदा आपल्या गटात बाजी मारली होती. १९७३ च्या तेलटंचाईनंतर पर्यायी इंधनांकडे लक्ष वळले तेव्हा या प्रयोगांना निमित्तही मिळाले. पिकअपसाठी अशा बांधणीत फोर्डचे ३०० घनइंची, म्हणजे ४.९ लिटरचे सरळ सहा सिलिंडरी इंजिन विशेष सोयीचे ठरते, कारण त्याचा क्रँकशाफ्ट सात बेअरिंगांवर टेकलेला असतो आणि कॅमशाफ्ट साखळीऐवजी दातेरी चाकांनी फिरतो. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील जुन्या इंजिनात मात्र व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसवाव्या लागतात, कारण शिशाचा जो थर त्यांना झिजण्यापासून वाचवत असे तो प्रोपेनमध्ये मिळत नाही. १९६५ पासून बनत आलेले हे इंजिन फोर्डने १९९६ मध्ये बंद केले, आणि आता ते जुन्या गाड्यांमधूनच काढून आणावे लागते.