गेलेलं कूळ आणि मोकळं वावर

वऱ्हाडात हा प्रश्न उन्हाळा लागला की कुठल्या ना कुठल्या गावी निघतोच. वावर मक्त्याने दिलेले असते. कूळ कामधंद्यासाठी बाहेरगावी गेलेले असते. पाडवा होऊन जातो, पऱ्हाट्या तशाच उभ्या असतात, झोपडीला कुलूप असते आणि मक्त्याचे पैसे बाकी असतात. शेजारी म्हणतात, "तो काही आता येत नाही." मग मालकाच्या मनात येते की दोन गडी घालावे, पऱ्हाट्या उपटाव्या आणि वावर ताब्यात घ्यावे. अमरावती किंवा अकोला शहरात हीच गोष्ट भाड्याच्या खोलीची. अशा वेळी मालकाने काय करावे?

कायद्याचे उत्तर थोडक्यात सांगता येते. आपल्या हाताने ताबा घेऊ नये, शेतीसाठी तहसीलदाराकडे आणि घरासाठी कोर्टाकडे जावे. पण हे ऐकून पुष्कळांचा पारा चढतो. "जमीन माझी, आणि परवानगी मीच मागायची?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, ते आपल्या मुलखाच्या इतिहासात सापडते.

जुन्या मराठी कागदांत 'गतकूळ' असा एक शब्द येतो. ज्या जमिनीचे कूळ नाहीसे झाले ती गतकूळ जमीन. देशावर पाटील अशी जमीन दुसऱ्याला कसायला देई, कारण पडीत राहिली तर सारा कोण भरणार? पण मूळ मालक मिरासदार असेल तर पुष्कळ वर्षांनी परत येऊनही तो आपल्या जमिनीवर हक्क सांगू शके, आणि गाव तो हक्क मानी. उपऱ्याला मात्र ही सवलत नव्हती. तो गेला म्हणजे गेला. म्हणजे पहा, 'गेला' या एकाच शब्दाचे माणसागणिक दोन अर्थ होते.

आपल्याकडे निजामाच्या अमलात तर गावेच्या गावे उठत. वसुलाचे इजारे सावकारांना आणि पेढ्यांना दिले जात, आणि इजारदाराला पुढच्या सालाची शाश्वती नसल्यामुळे तो चालू सालातच सगळे ओरबाडून घेई. शेतकरी रातोरात बैल हाकून पलीकडच्या परगण्यात जाई. मग त्याला परत आणण्यासाठी कौल द्यावा लागे, पहिल्या वर्षी सारा थोडा आणि पुढे चढता. म्हणून पळून जाणे हे त्या काळी जमिनीवर पाणी सोडणे नव्हते, जुलमाविरुद्ध रयतेच्या हातात असलेले ते एकमेव हत्यार होते असे मला वाटते.

1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1861 मध्ये मुंबई इलाख्याची मोजणी-जमाबंदीची पद्धत इथे लावण्याचे ठरले. दगड रोवले गेले, सर्व्हे नंबर पडले, खातेदार आला. या पद्धतीत खातेदाराला जमीन सोडायची मुभा होती, पण त्यासाठी लेखी राजीनामा द्यावा लागे, आणि नवा घेणारा कबुलायत लिहून देई. राजीनामा दिला नाही तर माणूस कुठेही असो, सारा त्याच्याच नावावर चढत राही. जमीन सोडणे ही कागदावर आणि अंमलदारासमोर करायची गोष्ट आहे, हे वऱ्हाड तेव्हापासून शिकला.

पण हा नियम खातेदार आणि सरकार यांच्यातला होता. खातेदाराच्या हाताखाली बटईने, मक्त्याने, ठोक्याने वाहणारा जो माणूस होता, त्याचे नाव राजीनाम्यात नाही आणि कबुलायतीतही नाही. त्याचा बोलीचा करार बहुधा सालाचा असे. अमेरिकेतल्या यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला सोन्याचा भाव आला, पुढे रेल्वे आली, काळ्या जमिनीची किंमत वाढली, आणि पुष्कळ जमीन प्रत्यक्ष न कसणाऱ्यांच्या नावावर गेली. वाहणारा मात्र सालागणिक बदलता राहिला. त्यातच 1896-97 आणि 1899-1900 चे दोन दुष्काळ कोसळले. 1891 च्या शिरगणतीत वऱ्हाडात जवळजवळ 29 लाख माणसे होती, 1901 मध्ये ती साडेसत्तावीस लाखांवर आली. त्यात मेलेले आले, परागंदा झालेलेही आले. जो परागंदा झाला तो पाऊस पडल्यावर परत येऊन पाहतो, तर वावरात दुसऱ्याचे तिफण चाललेले. कुणाकडे जाणार?

इथे एक मौजेची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपला अख्खा वऱ्हाडच एके काळी मक्त्याने दिलेला होता. 1902 च्या करारान्वये निजामाने तो सालीना 25 लाख रुपयांवर इंग्रज सरकारला कायमच्या पट्ट्याने दिला. मालक हैदराबादेत, कूळ कलकत्त्यात. 1936 च्या कराराने मालकाचे नाव पुन्हा मान्य झाले आणि युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. 1947 मध्ये कूळ खरोखरच निघून गेले, तेव्हा निजामाने वऱ्हाड परत मागितला. तो त्याला मिळाला नाही, आणि सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मागणारेच संस्थान उरले नाही. वावरात नांगर धरणाऱ्यांना 1853 ला कोणी विचारले नव्हते, 1902 लाही नाही.

त्या नांगर धरणाऱ्याचे नाव कायद्यात यायला 1951 साल उजाडले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रदेशात होता. त्या सरकारने वऱ्हाडातील शेतीच्या पट्ट्यांचे नियमन करणारा कायदा केला आणि 'संरक्षित पट्टेदार' हा शब्द आपल्या कानी पडला. पण संरक्षण आले तशी त्याच्याभोवतीची वाटही निघाली. जिकडेतिकडे कुळे 'राजीखुशीने' जमिनी सोडू लागली! कागदावर अंगठा, खाली दोन साक्षीदार, की काम झाले. हा प्रकार वऱ्हाडापुरता नव्हता. पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे वि. म. दांडेकर व खुदनपूर यांनी मुंबई राज्यातल्या 1948 च्या कूळकायद्याची पाहणी केली. 1957 च्या त्यांच्या अहवालात हेच दिसले की संरक्षण मिळालेली कुळेही 'स्वखुशीने' जमिनी परत देत होती. असल्या राजीखुशीविषयी नियोजन मंडळानेही उघड शंका घेतली.

म्हणून विदर्भासाठी जो कूळवहिवाट व शेतजमीन कायदा 1958 मध्ये झाला आणि 30 डिसेंबर 1958 ला अमलात आला, त्यात दोन खुंट्या पक्क्या ठोकल्या गेल्या. कुळाने जमीन सोडली असे म्हणायचे तर ते लेखी हवे आणि तहसीलदाराने पडताळलेले हवे. आणि कुळाकडची जमीन मालकाने घ्यायची ती तहसीलदाराच्या हुकुमानेच. सव्वादोन वर्षांनी या खुंट्यांना किती मोल आले पहा. 1 एप्रिल 1961 या तारखेला कायद्यात बसणाऱ्या कुळांकडे जमिनीची मालकीच जायची होती. एप्रिलमध्ये कोरडवाहू वावरात असते कोण? त्या महिन्यात गावाबाहेर असलेला माणूस 'सोडून गेला' ठरला असता तर त्याचे नुसते साल गेले नसते, मालकी गेली असती. पुढे 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मुंबईच्या कायद्याखालच्या एका खटल्यात असेच बजावले. कुळाला कागदाचा अर्थ आणि परिणाम समजला आहे व तो खुशीने सही करतो आहे, याची अंमलदाराने स्वतः खात्री करून घेतली नसेल तर ते सोडणे कायद्यात उभे राहत नाही.

मालकाची बाजू नाही असे कोणी समजू नये. एखादी विधवा बाई आहे, पाच-सहा एकर वावर, तेवढ्यावरच पोट. कूळ दोन हंगाम फिरकले नाही, कुंदा आणि हराळी माजली, सारा तिच्याच नावावर. तिने किती वाट पाहावी? कायद्याने विधवा, अज्ञान आणि अपंग मालकांच्या जमिनींना 1961 च्या तारखेतून सूट ठेवली होती ती उगाच नाही. पण मालकी राखणे वेगळे आणि ताबा घेणे वेगळे. ताब्यासाठी तिलाही अर्जच करावा लागतो. अर्जाचा निकाल लागायला उशीर होतो ही तक्रार खरी आहे, आणि ती तहसील कचेरीने ऐकली पाहिजे.

आता घराचे. मध्यप्रांत व वऱ्हाडचा 1949 चा घरभाडे नियंत्रण आदेश विदर्भातल्या शहरांना पन्नास वर्षे लागू होता. भाडेकरूला काढायची नोटीस देण्याआधी नियंत्रकाची लेखी परवानगी लागे. परवानगीच्या कारणांत एक असे होते की भाडेकरू सलग चार महिने तो भाग सोडून गेला आहे आणि त्याला घराची वाजवी गरज उरलेली नाही. दोन्ही गोष्टी हव्यात बरं का! जिनिंगचा हंगाम संपल्यावर गावी गेलेला कामगार चार महिने सहज बाहेर राही, पण पुढच्या कापसाला त्याला ती खोली लागणारच असे. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्राचा 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आला. आता दाव्याच्या आधी सलग सहा महिने, वाजवी कारणाशिवाय, जागा ज्यासाठी दिली त्यासाठी वापरलेली नसली पाहिजे. कुलूप तोडून आत गेलात, तर बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताब्याचा दावा लावू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्नच निघत नाही.

तर मालकाने आधी पटवाऱ्याकडे जाऊन पेरेपत्रकात कोणाचे नाव आहे ते पाहावे, आज सातबाऱ्याबरोबर पीकपाहणी मिळते. कुळाच्या माहीत असलेल्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवून पावती जपून ठेवावी. त्याच्या नातलगांकडे चौकशी करावी. वावराची आणि कुलूप न उघडता झोपडीची स्थिती पंचांसमक्ष लिहून घ्यावी. मक्ता थकला असेल तर त्याचा अर्ज निराळा, ताब्याचा निराळा.

गावात अर्ज लिहून द्यायची पाळी बहुधा शिक्षकावर येते, म्हणून गुरुजींना एक विनंती. अर्जात "कूळ जमीन सोडून गेले" असे लिहू नका, ते ठरवायचे काम तहसीलदाराचे. अमुक तारखेपासून ते गावात दिसले नाही, अमुक हंगामात पेरणी झाली नाही, अमुक तारखेला पत्र पाठवले, ते परत आले किंवा आले नाही, एवढेच लिहा. आणि वावरात तूर किंवा पऱ्हाटी उभी असेल तर तेही लिहा, म्हणजे ते पीक कोणी काढावे आणि पैसा कोणाकडे ठेवावा याचा हुकूम त्याच अर्जावर मागता येईल.