डोळा उघडण्याआधी

सप्टेंबर महिना. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून ढगांचा एक पुंजका अटलांटिकवर उतरला आहे. उपग्रहाच्या चित्रात तो पिंजलेल्या कापसासारखा दिसतो. त्याला ना आकार, ना नाव. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्रातल्या अंदाजकाराला मात्र त्याच्यापुढे एक आकडा मांडायचा असतो : येत्या सात दिवसांत याचे वादळ होण्याची शक्यता किती टक्के? या पुस्तकाचा सारा विषय म्हणजे तो आकडा.

उभे राहिलेले वादळ कुठे जाईल, हे सांगण्यात गेल्या काही दशकांत मोठी प्रगती झाली. जन्माचे भाकीत त्याहून नाजूक. दर मोसमात आफ्रिकेवरून अशा साधारण ६० लहरी पश्चिमेकडे निघतात आणि बहुतेक वाटेतच विरतात. ज्या तगतात त्यांना काय लाभलेले असते, हे बरेचसे ठाऊक आहे : २६ अंशांहून अधिक गरम समुद्र, बऱ्याच उंचीपर्यंत ओली हवा, आणि विषुववृत्तापासून इतके अंतर की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला वळण लागावे. सहाराची कोरडी, धुळकट हवा आत शिरली की पुंजक्याचा दम तुटतो.

नवा विद्यार्थी अडखळतो तो वाऱ्यापाशी. ‘वादळाला वाराच मारक कसा?’ हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो, आणि तो बरोबर आहे. समुद्रालगतचा वारा एकीकडे आणि दहा-बारा किलोमीटरवरचा भलतीकडे ओढू लागला, की ढगांचा उभा खांब कलतो. वर साठू पाहणारी उष्णता बाजूला वाहून जाते आणि खालचा दाब काही उतरत नाही. याचे उदाहरण मराठी वाचकाच्या दारातच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्र ढगांनी गच्च भरलेला असतो. तरी चक्रीवादळे येतात ती मे-जूनमध्ये, नाहीतर पावसाळा सरल्यावर. रायगडच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ आदळले ते ३ जून २०२० रोजी. ऐन पावसाळ्यात खाली नैर्ऋत्येचा आणि वर पूर्वेचा जोरकस वारा असतो. त्या कात्रीत वादळ उभेच राहत नाही.

अटलांटिकवर ही कात्री पुष्कळदा एल निनो चालवतो. प्रशांत महासागर तापला की कॅरिबियनवरचे वरच्या थरातले पश्चिमी वारे बळावतात. म्हणजे ज्या बातमीने मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो, तिनेच फ्लोरिडातला माणूस थोडा निवांत होतो. हे धागे जुळवणाऱ्यांत विल्यम ग्रे यांचे नाव पहिले घ्यावे लागते. वादळे जगात कुठे व का जन्मतात, याचा पाया घालणारा त्यांचा निबंध १९६८चा. १९८४पासून कोलोरॅडो राज्य विद्यापीठातून त्यांनी संपूर्ण मोसमाचे अंदाज द्यायला सुरुवात केली. ते चुकलेही. एप्रिल २०१३मध्ये त्यांच्या गटाने नाव मिळणारी १८ वादळे आणि त्यांतली ९ हरिकेन वर्तवली होती. हरिकेन झाली दोनच. वेधशाळेवर विनोद करणे हा आपला जुना छंद, त्यामुळे हसू येईल. पण ही चूक ग्रे यांच्या गटाने उघडपणे मांडली, कारणे तपासली. ते टिपण मी विद्यार्थ्यांना यशस्वी अंदाजांच्या आधी वाचायला देतो.

आणि मोसमाचा आकडा बरोबर आला म्हणून एकेका वादळाचे कोडे सुटत नाही. १९९२चा मोसम सुस्त होता. त्यातले पहिले नामांकित वादळ, अँड्र्यू, २० ऑगस्टला जवळजवळ संपले होते. केंद्रातला दाब १०१५ मिलिबारपर्यंत चढला होता, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या सरासरी दाबाहूनही किंचित वर. मग वरचे वारे अनुकूल झाले. २४ ऑगस्टला त्याने दक्षिण फ्लोरिडा उद्ध्वस्त केला. ते पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीचे होते हे अधिकृतपणे ठरायला २००२ उजाडले.

तेव्हा टक्क्यांकडे वळू. केंद्राच्या नकाशावर ४०च्या खाली पिवळा रंग, ६०पर्यंत नारिंगी, त्यापुढे लाल. ‘४० टक्के’ हे कचखाऊ उत्तर आहे, असे अनेकांना वाटते. तसे नाही. ४० टक्के दिलेल्या शंभर पुंजक्यांपैकी चाळिसेकांचे वादळ व्हायला हवे. ७० जणांचे झाले तरी अंदाजकार चुकला आणि दहांचे झाले तरी. एका पुंजक्यावरून त्याला शाबासकीही देता येत नाही आणि दोषही. या शिस्तीची सवय व्हायला गणितापेक्षा वेळ अधिक लागतो.

म्हणून पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी एक वही घ्या. मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. त्यात रोज सकाळी उपग्रहाचे चित्र पाहा, एक पुंजका निवडा आणि आपला आकडा तारखेसह लिहून ठेवा. केंद्राचा आकडा त्यानंतर बघा. खाडाखोड करायची नाही.