मॉड्यूल : तुकडा पाडावा कोठे?

संगणकाचा प्रोग्रॅम मोठा झाला की त्याचे भाग पाडावेत, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगण्यात येते. परंतु ते भाग नेमके कोठे पाडावेत, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. अल्गोरिदम हा शब्द बगदादच्या अल्-ख्वारिज्मींच्या नावावरून आला, एवढे सांगून आपण थांबतो. पुढची गोष्टही तितकीच वाचनीय आहे.

केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या यंत्रावर पहिला प्रोग्रॅम ६ मे १९४९ रोजी चालला. तीच ती कामे प्रत्येकाने नव्याने लिहायची आणि नव्याने चुकायचे, असे होऊ लागले. तेव्हा मॉरिस विल्क्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गमूळ काढणे, आकडे छापणे अशा कामांच्या छिद्रे पाडलेल्या कागदी फिती तपासून कपाटात ठेवल्या. ज्याला हवी त्याने नक्कल करून आपल्या फितीला जोडावी. असे काम उरकल्यावर यंत्राने मूळ जागी परत कसे यावे, याची युक्ती डेव्हिड व्हीलर यांनी काढली. १९५१ पर्यंत असे ८७ उपप्रोग्रॅम जमले होते.

यात श्रम वाचले. पण १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे तज्ज्ञ जमले, तेव्हा मोठे प्रोग्रॅम वेळेवर व बिनचूक पुरे होत नाहीत, हीच तक्रार होती.

१९७२ च्या डिसेंबरात डेव्हिड पार्नास यांनी एक छोटा निबंध छापला. उदाहरण ग्रंथालयाच्या सूचीचे होते. ग्रंथनामातील प्रत्येक शब्द पाळीपाळीने पुढे आणायचा आणि सगळ्या ओळी वर्णानुक्रमाने लावायच्या. ‘भारताचा आर्थिक इतिहास’ हेच नाव ‘आर्थिक इतिहास भारताचा’ आणि ‘इतिहास भारताचा आर्थिक’ असेही सापडावे, हा हेतू. रूढ रीतीने भाग पाडले तर वाचणे, फिरवणे, लावणे, छापणे असे कामाच्या क्रमाने पडतात. दिसायला सुरेख! पण ओळी स्मरणात कशा साठवल्या आहेत हे प्रत्येक भागाला ठाऊक असावे लागते. साठवण बदलली की सगळे भाग उसवावे लागतात. पार्नास म्हणाले, जे पुढे बदलण्याचा संभव आहे ते एकेका मॉड्यूलच्या पोटात लपवा. साठवणीचे गुपित एकट्या ‘ओळ-साठा’ मॉड्यूलला ठाऊक असावे. इतरांनी त्याच्याकडे फक्त अक्षर मागावे.

माझ्या मते एडसॅकच्या फितीपेक्षा ही पायरी मोठी आहे. तेथे प्रश्न पुन्हा वापरण्याचा होता, येथे बदल सोसण्याचा. पुढे निक्लाउस विर्थ यांनी आपल्या भाषेचे नावच मोड्युला ठेवले.

ही गोष्ट कागदावरची नव्हती, हे इ. स. २००० जवळ आले तेव्हा कळले. जुन्या प्रोग्रॅमांत वर्षाचे दोनच आकडे ठेवलेले होते. तारखेचे काम जेथे एका जागी बंदिस्त होते तेथे दुरुस्ती बरीचशी तेवढ्यापुरती राहिली. जेथे ते विखुरले होते तेथे ओळ अन् ओळ तपासावी लागली. ते किचकट काम करण्यात हजारो भारतीय प्रोग्रॅमर गुंतले होते.