युद्ध संपले, परिचारिकेची वेठ संपली नाही

दुसऱ्या महायुद्धावर आपल्याकडे लिहिले जाते तेव्हा सैनिक दिसतो, सेनापती दिसतो, 'चले जाव' दिसते. आंबेडकरी लेखनात महार रेजिमेंट दिसते. १९४१ साली ती उभी राहिली, तिची दुसरी बटालियन आपल्या कामठीत उभारली गेली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याच वर्षांत खेड्यापाड्यातल्या दवाखान्यात रात्रपाळी करणारी परिचारिका कुठे आहे? तिच्याविषयी सवर्ण इतिहासकार लिहीत नाही. आणि खरे सांगायचे तर आपणही लिहीत नाही.

आधी आकडे पाहू. ऑक्टोबर १९४३ मध्ये इंग्रज सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य समिती नेमली. १९४६ साली तिचा अहवाल आला. त्यानुसार तीस कोटी लोकसंख्येच्या ब्रिटिश हिंदुस्थानात परिचारिका होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्याच वेळी इंग्लंडमध्ये ३०० माणसांमागे एक परिचारिका होती. आपल्याकडे डॉक्टर सुमारे ६,३०० माणसांमागे एक होता. म्हणजे या देशात डॉक्टरपेक्षा परिचारिका दुर्मीळ होती! दरवर्षी सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणात मरत होत्या.

या तुटपुंज्या संख्येतूनच लष्कराने परिचारिका उचलल्या. १९४३ च्या वटहुकुमाने लष्करी परिचारिका सेवेची नव्याने बांधणी झाली. कमी पडणारे हात भरून काढायला 'ऑक्झिलिअरी नर्सिंग सर्व्हिस' नावाची सहायक सेवा काढली आणि काही महिन्यांचे शिक्षण देऊन मुलींना वॉर्डात उभे केले. नागपुरात मेयो होते, सीताबर्डीवर स्कॉटिश मिशनचे मुर मेमोरियल होते. पण तहसिलीच्या दवाखान्यात काय होते? रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून पदविका घेतलेला एखादा डॉक्टर, एक कंपाउंडर, आणि नशीब असेल तर एक नर्स. एकटी असली की तिची पाळी संपतच नाही. बाळंतीण मध्यरात्री आली तरी तीच, सकाळी ड्रेसिंगला तीच. लांबलचक ड्युटी, अपुरा पगार, राहण्याची गैरसोय आणि समाजात मान नाही, ही परिचारिकांची अवस्था भोर समितीनेही नोंदवली.

आता मूळ प्रश्न. परिचारिका इतक्या कमी का? 'युद्धामुळे' हे उत्तर खोटे आहे. युद्धाने टंचाई उघडी पाडली, निर्माण केली नाही. ती निर्माण केली जातीने. रक्त, पू, मलमूत्र, बाळंतिणीचा विटाळ यांना हात लावणे ज्या धर्माने हीन ठरवले, त्या धर्माच्या घरातल्या मुली नर्स होणार कशा? डॉक्टरकीला प्रतिष्ठा होती, कारण तिथे पदवी होती, हुकूम होता. शुश्रूषेत दुसऱ्याच्या देहाची घाण साफ करावी लागते. म्हणून ते काम मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन स्त्रियांकडे गेले. खेड्यात तर ते आधीपासूनच ठरलेले होते. अनेक गावांत नाळ कापायला महारवाड्यातली, मांगवाड्यातली सुईण यायची. पसाभर धान्य आणि जुने लुगडे घेऊन ती परत जायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभी असायची. जिच्या हातावर मूल जन्मले, तिच्या हातचे पाणी चालत नव्हते.

याच भूमीत १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी रोग्यांची शुश्रूषा करताना प्राण दिला. त्यांच्या लेखी ते काम विटाळाचे नव्हते, माणुसकीचे होते. पण समाजाने तो वारसा घेतला नाही. 'सेवा' हा शब्द तेवढा उचलला आणि तो पगार बुडवण्यासाठी वापरला.

आता नागपूरकडे या. २० जुलै १९४२ रोजी, ऐन युद्धात, येथील मोहन पार्कवर दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. गिरणी, बिडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे येथे राबणाऱ्या बायांसाठी भरपगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि निवृत्तिवेतन मिळावे, असे ठराव झाले. शिकलेल्या नर्सला जे मागण्याची सोय नव्हती, ते आपल्या आया-आज्यांनी जाहीर सभेत मागितले!

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. खाणीतल्या स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात १९४३ आणि १९४५ मध्ये दुरुस्त्या झाल्या. १९४६ मध्ये कारखान्यांत आठवड्याचे काम ४८ तासांवर आले. मध्य प्रांतात कारखान्यातील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा १९३० पासूनच होता. पण रुग्णालय म्हणजे कारखाना नव्हे, आणि आरोग्य हा विषय प्रांतांच्या हाती. म्हणून सारे कामगार कायदे दवाखान्याच्या फाटकापाशी थांबले. रुग्णालय हा 'उद्योग' आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये मान्य केले, तेही मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील वॉर्ड नोकरांच्या प्रकरणात. १९७० मध्ये तो निकाल फिरला आणि १९७८ मध्ये पुन्हा उभा राहिला. लक्षात घ्या, ही वाट काढली ती रुग्णालयाच्या उतरंडीत सर्वांत खाली असलेल्यांनी.

काही जण म्हणतील, हा जुना इतिहास झाला. मग आज मेळघाट, गडचिरोलीच्या उपकेंद्रात जाऊन पाहा. तिथल्या एएनएमच्या पदनामात 'ऑक्झिलिअरी' हा शब्द अजून आहे. कंत्राट अकरा महिन्यांचे, जबाबदारी बारा महिन्यांची. आशा ताईला तर कामगारही म्हणत नाहीत, 'स्वयंसेविका' म्हणतात. तिला वेतन नाही, मानधन आहे. कोरोनात टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. टाळ्यांनी चूल पेटत नाही.

संकट आले की जिला 'देवदूत' म्हणायचे आणि संकट टळले की जिची फाईल दाबायची, ती युद्धकाळातही हीच स्त्री होती. सुईणीला पसाभर धान्य देणारे गाव आणि आशा ताईला मानधन देणारे सरकार यांच्यात फरक किती, याचा विचार आपणच करायचा आहे. १९४२ चे ठराव अजून अपुरे आहेत. ते परिचारिकेच्या, आशा ताईच्या नावाने पुन्हा मांडले पाहिजेत. मोहन पार्कवर जमलेल्या त्या मायमाउलींचे खरे स्मारक तेच ठरेल.

जय भीम!