पंखा इंजिनापासून सुटला तेव्हा

गाडी हायवेवर पळते तोवर एसी गारेगार, टोलनाक्याच्या रांगेत थांबली की हवा कोमट. ही तक्रार ऐकली की मेकॅनिक आधी पुढच्या जाळीमागचा कंडेन्सरचा पंखा बघतो. हा पंखा वेगळा तपासावा लागतो, यामागे एक इतिहास आहे.

एसी म्हणजे उष्णतेची हमाली. गाडीतली उष्णता गॅस उचलतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि कंडेन्सरमध्ये ती उष्णता बाहेरच्या हवेला देऊन गॅसचा द्रव होतो. गाडी धावताना ही हवा आपसूक मिळते, थांबल्यावर पंख्याने ओढावी लागते.

१९३९ साली अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने एसीवाली गाडी बाजारात आणली. जादा किंमत २७४ डॉलर. यंत्रणेने डिकीची निम्मी जागा खाल्लेली. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता, त्यामुळे एसी नको असेल तर इंजिन बंद करून पट्टा काढायचा! १९५४च्या नॅश अँबॅसेडरमध्ये (आपल्या अँबॅसेडरशी हिचा संबंध नाही) सगळी यंत्रणा पुढे आली. पंखे मात्र सर्रास इंजिनावरच चालत. इंजिन सुरू म्हणजे पंखा सुरू.

ही जोडी मोडली ती आडव्या इंजिनामुळे. १९५९च्या ब्रिटिश मिनीत इंजिन आडवं बसवलं, तेव्हा रेडिएटरही बाजूला नेला, म्हणून पंखा इंजिनावर राहू शकला. पुढच्या छोट्या गाड्यांत रेडिएटर पुन्हा समोर आला, पण इंजिनाचा शाफ्ट चाकाकडे तोंड करून. मग पंख्याला स्वतःची विजेची मोटर आली. आपल्याकडे पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर फिरायचा. १९८३च्या मारुती ८००ने आडवं इंजिन घरोघरी पोचवलं.

माझ्यातल्या प्रोग्रामरला इथेच गंमत वाटते. जे आपोआप व्हायचं, ते आता एका अटीवर होऊ लागलं: एसी चालू असेल आणि गॅसचा दाब वाढला असेल, तर पंखा फिरव. फ्यूज, रिले, दाबाचा स्विच, वायर. यातली एक कडी तुटली तरी इंजिन गुणगुणत राहतं आणि पंखा गप्प.

म्हणून तपासणीही त्या साखळीनेच जाते. इंजिन आणि एसी चालू करून मिनिट-दोन मिनिटं पाहायचं. हात लांबच ठेवायचा. पंखा कधीही सुरू होतो. फिरला नाही, तर सगळं बंद करून त्याचा कनेक्टर काढायचा आणि मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने थेट १२ व्होल्ट द्यायचे. फिरला, तर मोटर ठीक आहे. दोष मागे कुठेतरी. नाही फिरला, तर मोटरच गेली.

दरवर्षी एप्रिलमध्ये मी एवढं करतोच. मे महिन्यात आजीला घेऊन गावी जायचं असतं, आणि ऐंशीच्या घरातलं शरीर भर उन्हात रांगेत अडकलेल्या गाडीत फार वेळ तग धरत नाही.