‘ब्लिझर्ड’ : एका शब्दाचा अर्थेतिहास

इंग्रजीतील ‘ब्लिझर्ड’ या शब्दापुढे मराठीत ‘हिमवादळ’ हा प्रतिशब्द सहजपणे लिहिला जातो, आणि ‘स्नोस्टॉर्म’ या शब्दापुढेही तोच लिहिला जातो. त्यामुळे हे दोन शब्द इंग्रजीत एकमेकांच्या जागी वापरता येतात, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ‘स्नोस्टॉर्म’ हा सामासिक शब्द असून त्याचा अर्थ त्याच्या घटकांतूनच उलगडतो. ‘ब्लिझर्ड’च्या बाबतीत तसे नाही. त्याच्या रूपात हिमाचा वाचक असा कोणताही अंश नाही. हा अभाव केवळ योगायोगाचा आहे की त्यात शब्दाचा काही पूर्वेतिहास दडला आहे, याचा विचार त्याच्या जुन्या प्रयोगांच्या आधारे करता येतो.

हा शब्द अमेरिकेत प्रथम आढळतो तो हिमाशी काहीही संबंध नसताना. १८२९ साली व्हर्जिनियातील एका नियतकालिकाने अमेरिकी बोलीतील शब्दांची यादी छापली. तीत ‘ब्लिझर्ड’चा अर्थ ‘जोराचा तडाखा’ असा दिला आहे. १८३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड क्रॉकेट याच्या आत्मकथनात शिकारीच्या वर्णनात हा शब्द येतो, तेथे तो बंदुकीच्या बाराला उद्देशून आहे. पुढील वर्षी त्याच्याच नावाने निघालेल्या प्रवासवृत्तात भोजनप्रसंगी थट्टा करू पाहणाऱ्यांना दिलेल्या सणसणीत उत्तरासाठीही तो योजला आहे. या प्रयोगांत ‘ब्लिझर्ड’ हा कुणावर तरी ‘घेतला’ जातो किंवा कुणाला तरी ‘दिला’ जातो. त्याला कर्ता असतो व लक्ष्यही असते. वाक्यरचनेच्या दृष्टीने तो आघातवाचक नामांच्या वर्गातला आहे. ‘ब्लिझ’ हे आखूड रूप मुसळधार पावसाच्या वादळाच्या अर्थी १७७० पासून नोंदलेले आहे. तेव्हा वातावरणातील उग्रतेशी या ध्वनिसमूहाचा संबंध जुना असावा, असे म्हणण्यास जागा आहे; परंतु त्या उग्रतेतही हिम नाही.

हिम आणि हा शब्द एकत्र आले ते अमेरिकेच्या मध्यभागातील विस्तीर्ण गवताळ मैदानांत. या अर्थाचा श्रेय-वाद सर्वपरिचित आहे. आयोवा राज्यातील एस्थरव्हिल या लहान गावातून निघणाऱ्या ‘नॉर्दर्न व्हिंडिकेटर’ या वृत्तपत्राने २३ एप्रिल १८७० च्या अंकात त्या वर्षीच्या मार्चमधील वादळाच्या संदर्भात हा शब्द छापला, आणि तेथूनच या अर्थाचा जन्म झाला, असे पुष्कळ काळ सांगितले जात असे. अ‍ॅलन वॉकर रीड या भाषाभ्यासकाने १९२८ साली ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात या शब्दावर सविस्तर लेख लिहून वृत्तपत्रांतील पुरावा मांडला. एस्थरव्हिलच्या अंकात शब्द अवतरणचिन्हांत आहे व त्यात ‘झ’चे अक्षर एकदाच आले आहे; आठवड्यानंतरच्या अंकात ते दोनदा येते. लेखनाची ही अस्थिरता शब्द छापखान्याला नवा असल्याची निदर्शक आहे.

तथापि छापखान्याला नवा म्हणजे बोलणाऱ्यांना नवा, असे होत नाही. पहिल्या वाक्यात हा शब्द अनेकवचनात असून त्याला ‘वायव्येकडील’ असे विशेषण जोडलेले आहे, आणि त्याचा अर्थ कोठेही सांगितलेला नाही. स्वतः घडवलेला शब्द कोणी लेखक स्पष्टीकरणावाचून अनेकवचनात वापरत नाही. वाचकांना तो ठाऊक आहे असे गृहीत धरूनच तसे लिहिता येते. कॅन्ससच्या मैदानातील एका सैनिकाच्या १८५९ मधील दैनंदिनीत हिमवादळाच्याच अर्थी ‘ब्लिझर्ड’ आढळल्याने या तर्काला बळकटी आली. संपादकाने शब्द जन्माला घातला नाही. बोलीत फिरणाऱ्या शब्दाला त्याने लेखनात आणले. शब्दाच्या ‘जनका’चा शोध घेणाऱ्याच्या हाती बहुधा त्याचा पहिला लेखनिकच लागतो.

१८८०–८१ च्या कडक हिवाळ्यात अमेरिकी वृत्तपत्रांनी हा शब्द सर्वत्र पसरवला. त्यानंतर अल्पावधीतच जेम्स मरी यांच्या संपादनाखाली तयार होत असलेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात, १८८७ साली निघालेल्या खंडभागात, त्याला स्थान मिळाले. कोशकारांनी त्याची व्युत्पत्ती कमीअधिक प्रमाणात ध्वन्यनुकारी मानली, ‘ब्लो’, ‘ब्लास्ट’ व ‘ब्लस्टर’ या शब्दांच्या ध्वनिसाम्याकडे लक्ष वेधले आणि फ्रेंच मूळ सुचवणारी कल्पना निराधार ठरवली. हे तिन्ही सदृश शब्द वाऱ्याच्या वा फुंकरीच्या क्षेत्रातले आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढील वर्षाने या शब्दाला अमेरिकेच्या स्मृतीत कायमचे स्थान दिले. १२ जानेवारी १८८८ रोजी सकाळच्या सौम्य हवेनंतर डकोटा व नेब्रास्काच्या मैदानांवर अकस्मात वादळ कोसळले. शाळांतून घरी निघालेली अनेक मुले वाटेतच गारठून मरण पावली. मृतांची संख्या सामान्यतः २३५ दिली जाते. त्यांचा घात हिमाच्या थरांनी केला नाही. वाऱ्याने उडालेल्या पिठासारख्या बारीक हिमकणांमुळे काही हातांवरचेही दिसेनासे झाले, आणि ओळखीच्या वाटेवर माणसे चुकली. त्याच वर्षी ११ ते १४ मार्च या दिवसांत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुसरे वादळ झाले. त्यात चारशेहून अधिक माणसे दगावली. न्यूयॉर्क शहरात सुमारे २१ इंच हिम पडले, तारायंत्राचे खांब कोसळले आणि उंच रुळांवरच्या गाड्या अडकून पडल्या. मैदानी शेतकऱ्यांचा शब्द महानगराच्या तोंडी रुळला.

वादळाचा आघातांश हवामानशास्त्राने व्याख्येतही जपला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या व्याख्येप्रमाणे वारा वा त्याचे वारंवार येणारे झोत ताशी किमान ३५ मैल वेगाचे असावेत, पडणाऱ्या अथवा उडणाऱ्या हिमामुळे दृश्यता पाव मैलाहून कमी व्हावी आणि ही स्थिती निदान तीन तास टिकावी. पूर्वी या व्याख्येत तापमानाचीही अट होती. ती पुढे वगळण्यात आली. हिम किती इंच पडावे, याचा मात्र त्यात उल्लेखही नाही. आकाशातून कण न पडता जमिनीवरचे जुने हिम वाऱ्याने उडाले तरी ‘ब्लिझर्ड’ होऊ शकते. उलट २६ डिसेंबर १९४७ रोजी न्यूयॉर्कमध्ये २६ इंचांहून अधिक हिम पडले. ते प्रमाण १८८८ पेक्षा जास्त होते. पण सोसाट्याचा वारा नसल्याने शास्त्रीय अर्थाने ते ‘ब्लिझर्ड’ ठरत नाही. लोकव्यवहारात मात्र त्यालाही हेच नाव मिळाले. शास्त्र आणि बोली यांच्यातील हा फरक म्हणजे अशुद्ध प्रयोगाचे उदाहरण नव्हे. अर्थविस्ताराची ती नेहमीची वाट आहे.

या विस्ताराच्या आणखी दोन दिशा दिसतात. एक भौगोलिक. मार्च १८९१ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात झालेल्या वादळाला तेथेही हेच नाव दिले गेले. डग्लस मॉसन यांनी १९११–१४ च्या अंटार्क्टिक मोहिमेचा वृत्तान्त १९१५ साली प्रसिद्ध केला, तेव्हा ग्रंथाच्या शीर्षकातच त्या भूमीला ‘ब्लिझर्ड’चे घर म्हटले. दुसरी दिशा लाक्षणिक आहे. आजच्या इंग्रजीत कागदांचा, प्रश्नांचा वा आकड्यांचा ‘ब्लिझर्ड’ होतो. या रचनेत शब्दापुढे ‘ऑफ’ व अनेकवचनी नाम येते, आणि अर्थ आपल्या ‘भडिमार’ या शब्दाच्या जवळ जातो. भडिमारही मुळात तोफांचाच. १८३४ मधील बंदुकीच्या बाराशी या नव्या प्रयोगाचा अखंड संबंध दाखवता येत नाही, तरी दोहोंच्या तळाशी एकच कल्पना आहे : एकामागून एक अंगावर येणारे आघात.

मराठी अभ्यासकाला हा अर्थविकास अपरिचित वाटू नये. मराठीत ‘वादळाचा तडाखा’ बसतो आणि ‘थंडीचा कडाका’ पडतो. ‘तडाखा’ व ‘कडाका’ हे दोन्ही शब्द ध्वन्यनुकारी आहेत आणि आघाताच्या आवाजावरून ऋतूच्या उग्रतेपर्यंत पोहोचले आहेत. फरक इतकाच, की मराठीत वादळ व थंडी ही नावे सोबत राहिली. इंग्रजीत तडाख्याचा वाचक शब्द स्वतःच वादळाचे नाव बनला. म्हणून ‘हिमवादळ’ हा प्रतिशब्द वापरताना भर ‘हिम’ या पूर्वपदावर न देता ‘वादळ’ या उत्तरपदावर दिला पाहिजे. शांतपणे पडणाऱ्या पुष्कळ हिमाला ‘ब्लिझर्ड’ म्हणणारे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल. परंतु १८८८ च्या जानेवारीत ज्या वाऱ्याने मुलांना घराची वाट दिसू दिली नाही, तो वारा त्या वाक्यात नसतो.